टोकन, ताळा आणि मंगळवारचा इंटरव्ह्यू

येत्या मंगळवारी सकाळी साडेदहाला माझा इंटरव्ह्यू आहे. बँकेत.

"कुठल्या शाखेत?" हा आईचा पहिला प्रश्न. शाखा नाही गं आई. पुण्यात खराडीला काचेची भली मोठी इमारत आहे, आत हजारो माणसं कॉम्प्युटरसमोर बसतात. काउंटर नाही, कॅशियर नाही, पासबुक छापायचं मशीन नाही, आणि दारात बंदूक घेऊन पेंगणारे वॉचमनकाकाही नाहीत. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पैसे कुठे ठेवतात?" मी हसले. पण हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, हे मला या पंधरवड्यात कळलं.

(बँकेचं नाव लिहीत नाही. उगाच नजर लागायला नको!)

आधी खरं कारण सांगून टाकते. मी ज्या कंपनीत होते तिने दोन महिन्यांपूर्वी आमची अख्खी टीम एका मीटिंगमध्ये बंद केली. पंचवीस मिनिटांची मीटिंग, त्यातली पहिली पाच मिनिटं "आवाज येतोय का?" यातच गेली. इतकी वर्षं कोड लिहितेय, पण त्या दिवशी लॅपटॉप बंद करून मी आधी ओटा पुसला, भांडी घासली आणि मग रडले. होमलोनचा हप्ता पाच तारखेला जातो. त्याला ही बातमी कोणी दिलेली नव्हती. नवऱ्याची नोकरी आहे म्हणून निभावतंय, पण किती महिने निभावेल याचं गणित आम्ही दोघांनीही मनात करून ठेवलंय. एकमेकांना सांगितलेलं नाही इतकंच.

साताऱ्याला तर काहीच सांगितलं नाही. "वर्क फ्रॉम होम आहे, थोडे दिवस तिकडूनच करते," असं म्हणून पुस्तकं आणि लॅपटॉप घेऊन आले. घरी सांगितलं ते एवढंच, की नोकरी बदलायचा विचार आहे.

आमच्या धंद्यातल्या इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे रोजच्या कामाशी ज्याचा फारसा संबंध नाही ते सगळं पुन्हा पाठ करायचं. लिंक्ड लिस्ट उलटी करा. बायनरी ट्रीची उंची मोजा. मी लीटकोडवरच्या गणितांची एक एक्सेल शीट केली: जमलेली हिरवी, उत्तर बघून जमलेली पिवळी, डोक्यावरून गेलेली लाल. दीडशे गणितं झाली. शीट लांबून बघितली की एखाद्या पक्षाच्या झेंड्यासारखी दिसते, लाल जरा जास्तच.

आणि एवढं करून फोनवरच्या पहिल्या फेरीत यातलं एकही विचारलं नाही!

विचारलं ते असं. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायचे आहेत, डिझाइन करा. मी मनात म्हटलं, एवढंच? इकडे डेबिट, तिकडे क्रेडिट, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. झालं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. पलीकडचे गृहस्थ "हं" म्हणाले आणि मग हळूच त्यांनी विचारलं, "पैसे कापले गेले, पण तसा निरोप परत यायच्या आत नेटवर्क गेलं. ॲपला वाटलं काही झालंच नाही, म्हणून त्याने तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली. आता?"

मी म्हटलं, बटण एकदा दाबलं की डिसेबल करू.

"बटण तुमच्या हातात नाहीये."

त्यानंतर जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. मग मी काहीतरी बोलले, त्यांनी ते ऐकून घेतलं. पुढच्या फेरीला बोलावलंय, हे माझं नशीब. मेलमध्ये लिहिलंय: तासभर डिझाइन, विषय पेमेंट्स.

इथे बाबांची एन्ट्री.

बाबा सांगली बँकेत होते. ही बँक १९१६ सालची, मुख्य कचेरी सांगलीत, दोनशेच्या आसपास शाखा, बहुतेक महाराष्ट्रात आणि काही कर्नाटकात. १९ एप्रिल २००७ ला ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. बाबांची बरीचशी नोकरी साताऱ्यात क्लार्क म्हणून, मधली काही वर्षं सांगलीत. त्यांना कॉम्प्युटर नीट येतो, पण मी काय काम करते हे त्यांनी कधी खोलात विचारलं नाही आणि ते काय करायचे हे मीही कधी विचारलं नाही. बाबा बँकेत जातात, एवढी माहिती मला पुरेशी होती.

शुक्रवारी रात्री जेवताना मी वैतागून तो नेटवर्कचा प्रश्न सांगितला. बाबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "टोकन दिलं नाही का त्याला?"

"कसलं टोकन?"

"अगं, पितळी बिल्ला. तू लहानपणी काउंटरवर बसून खेळायचीस त्याच्याशी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. माणूस चेक घेऊन यायचा. क्लार्क चेक घ्यायचा, त्याला नंबर कोरलेलं टोकन द्यायचा आणि तोच नंबर चेकवर लिहायचा. चेक लेजरवाल्याकडे जायचा, तिथे खात्याला नावे पडायचा, अधिकाऱ्याची सही व्हायची, मग कॅशियरकडे. कॅशियर नंबर पुकारायचा, टोकन परत घ्यायचा, पैसे द्यायचा आणि चेकवर 'पेड'चा शिक्का. "माणूस दहा वेळा येऊन विचारू दे, माझं काय झालं म्हणून. टोकन नंबर बघायचा. शिक्का असला तर पैसे दिलेत. नसला तर अजून द्यायचेत. तो दहा वेळा आला म्हणून आम्ही दहा वेळा पैसे देत नव्हतो."

माझा घास हातातच राहिला. फोनवरच्या गृहस्थांना हेच हवं होतं! आमच्याकडे याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. ॲपने प्रत्येक व्यवहाराला आधीच एक नंबर द्यायचा. पुन्हा पाठवताना तोच नंबर पाठवायचा. बँकेने तो नंबर जपून ठेवायचा, आणि पुन्हा दिसला तर काम पुन्हा न करता मागचंच उत्तर परत द्यायचं. पितळी बिल्ला आणि शिक्का, बस्स. मी यावर इंग्रजीत तीन लेख वाचले होते आणि तिन्ही पिवळ्या रंगात होते.

जेवण झाल्यावर मी वही आणली. लाल गणितं राहू दे म्हटलं.

त्या रात्री साडेअकरापर्यंत बसलो. मी माझ्या यादीतलं एकेक काढायचे आणि बाबांना आधी साध्या मराठीत समजावून सांगायचे. (ही एक वेगळीच तयारी आहे बरं का. 'डिस्ट्रिब्युटेड कन्सिस्टन्सी' हे शब्द न वापरता ती गोष्ट सांगून बघा. आपल्याला ती समजलीय की नुसती पाठ झालीय, ते दोन मिनिटांत उघडं पडतं.)

डेडलॉक सांगितला: दोन व्यवहार, प्रत्येकाने एकेक खातं धरून ठेवलंय आणि दुसऱ्याच्या हातातलं सुटायची वाट बघतोय. बाबा म्हणाले, व्हायचं की. एकाकडे हे लेजर, दुसऱ्याकडे ते, दोघांनाही दोन्ही हवीत. "मग काय करायचात?" "ओरडायचो! मग हेडक्लार्क एकाला म्हणायचे, तू ठेव आधी खाली, तुझं नंतर कर." डेटाबेस नेमकं हेच करतो. दोघांपैकी एकाला बळी निवडतो, त्याचं काम रद्द करतो आणि पुन्हा सुरुवात करायला सांगतो. फक्त ओरडत नाही.

मग दशांशाचा प्रश्न. कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची साधी फ्लोटिंग पॉइंट बेरीज करायला लावली तर ०.३ येत नाही, शेवटी कुठेतरी सतरावा अंक ४ उगवतो. म्हणून पैशाचे हिशोब तसे ठेवायचे नसतात. पूर्ण पैशांत ठेवायचे, नाहीतर डेसिमल टाइप वापरायचा. बाबांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी उलट विचारलं, "चूक झाली तर खोडता का तुम्ही?" मी म्हटलं, अपडेट करतो. "म्हणजे खोडता," बाबा म्हणाले. "लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद तशीच ठेवायची, उलटी नोंद करायची, मग बरोबर नोंद करायची. तीन ओळी लागल्या तर लागू देत. उद्या कोणी विचारलं तर काय झालं ते दिसलं पाहिजे."

मी वहीत लिहिलं: खोडायचं नाही. खाली रेघ मारली.

रविवारी बाबांच्या जुन्या बँकवाल्यांचं सांगलीत स्नेहसंमेलन होतं. "तूही चल, तुझं कॉलेज बघून येऊ," म्हणाले. वालचंद कॉलेजला चार वर्षं काढली, पण पास झाल्यावर विश्रामबागेकडे फिरकले नव्हते. निघालो एसटीने.

कराड मागे पडताना बाबांनी खिडकीतून बोट दाखवून "बँक ऑफ कराड" एवढंच म्हटलं. पुढचं मी फोनवर वाचून काढलं. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात ज्या छोट्या बँकांची नावं आली त्यातली ही एक. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात रोखे हातात यायच्या आधी 'बँक रिसीट' दिली जायची, म्हणजे रोखे आमच्याकडे आहेत, नंतर देतो, अशी चिठ्ठी. या बँकेच्या नावाने अशा चिठ्ठ्या निघाल्या ज्यांच्यामागे रोखेच नव्हते. त्याच वर्षी बँक बुडीत निघाली. रोख्यांच्या नोंदी तेव्हा हाताने होत असत, त्यामुळे इकडची चिठ्ठी आणि तिकडची नोंद यांचा मेळ बसतो का हे वेळेवर समोर आलं नाही. माझ्या तयारीच्या यादीत 'रिकन्सिलिएशन' हा शब्द सगळ्यात शेवटी होता, कंटाळवाणा म्हणून. पेठ नाका येईपर्यंत तो मी वर नेला.

"मेळ बसला नाही तर शोधायचात कसं?" मी विचारलं.

इथे बाबांची कळी खुलली. "आधी फरक बघायचा किती आहे. नऊने भाग जातो का ते बघायचं. जात असला तर कोणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. ५,४८१ चे ५,८४१ केले की फरक ३६०. नवा चाळे तीनशे साठ. नऊने भाग जात नाही, पण फरक सम आहे? मग त्याच्या निम्मी रक्कम शोध. कोणीतरी जमेची रक्कम नावे टाकलेली असते. अडीचशे रुपये चुकीच्या बाजूला गेले की फरक पाचशेचा दिसतो."

मी बसमध्ये बसून बोटावर करून बघितलं. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरक कायम नऊच्या पटीत येतो, कारण दहा वजा एक नऊ. शाळेतलं बीजगणित! इतकी वर्षं डिबगिंग करतेय, पण चूक शोधायच्या आधी चुकीचा आकार बघायचा, ही पद्धत मला कोणी इतकी सरळ सांगितली नव्हती. आम्ही थेट लॉग उघडून बसतो.

"आणि तरीही नाही सापडलं तर?"

"तर घरी जायचं नाही."

लहानपणी मार्चएंडला बाबा रात्री अकरा-बारापर्यंत यायचे नाहीत आणि आई झाकून ठेवलेलं ताट दोनदा गरम करायची, ते आठवलं. मला तेव्हा वाटायचं पैसे मोजायला इतका वेळ लागतो.

संमेलनात तीस-पस्तीस काका, पाच-सहा मावश्या, मसालेभात आणि जिलबी. मुलगी बँकेत इंटरव्ह्यू देतेय म्हटल्यावर माझ्याभोवती परीक्षक मंडळच बसलं. एका काकांनी विचारलं, "तुमच्याकडे मेकर-चेकर आहे ना अजून?" म्हणजे नोंद करणारा एक आणि तपासून मंजूर करणारा दुसरा. आहे म्हटलं, आणि मला नुकताच वाचलेला सिटीबँकेचा किस्सा सांगितला. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना एका कर्जाचं साधारण ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर, बँकेचे स्वतःचे! सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर तीन खुणा करायच्या होत्या, झाली एकच. नोंद करणारा, तपासणारा आणि शेवटची मंजुरी देणारा, तिघांनाही सगळं ठीक वाटलं. परत मिळवायला कोर्टात दोन वर्षं गेली.

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "स्क्रीन वाईट असेल. पण तिसऱ्याने दुसऱ्याची सही बघून सही केली असणार. आमच्याकडेही व्हायचं ते."

मसालेभात खाता खाता मिळालेला हा डिझाइन रिव्ह्यू मी वहीत जसाच्या तसा लिहून घेतला. तपासणाऱ्याला फक्त 'ओके'चं बटण द्यायचं नाही. काय होणार आहे ते आकड्यात आणि स्पष्ट दिसलं पाहिजे: एवढे पैसे, या खात्यातून, बाहेर जाणार.

कॉलेजला गेलो, गेटवर फोटो काढला, परतीची एसटी पकडली. आष्ट्याच्या पुढे अंधार पडायला लागला. बाबा खिडकीशी. मी म्हटलं, "बाबा, एक प्रश्न अजून तयार होत नाहीये. शेवटी एचआर विचारते, तुम्हाला बँकेतच का काम करायचंय? काय सांगू?"

"खरं काय आहे?"

खरं. खरं हे की मला नोकरी हवी आहे. मी सांगून टाकलं. टीम बंद झाली, दोन महिने झाले, वर्क फ्रॉम होम वगैरे काही नाही.

"माहितीये," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या आईने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. म्हणाली, हिचा फोन दिवसभर वाजत नाही, ही कसली नोकरी?"

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं झालं. बाबांनी तिकडे बघितलं नाही, पिशवीतून भडंगाची पुडी काढून पुढे केली. मग कराडच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा त्यांनी २००६ चं सांगितलं.

तेव्हा मी अकरावीत होते. गणपतीचे दिवस. २ सप्टेंबर २००६, शनिवार. युनायटेड वेस्टर्न बँकेवर रिझर्व्ह बँकेने मोरॅटोरियम लावला. १९३६ साली साताऱ्यात सुरू झालेली, साताऱ्याची स्वतःची म्हणावी अशी बँक. खातेदाराला दहा हजारांपर्यंतच रक्कम काढता येणार. पुढे ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि ठेवी सुरक्षित राहिल्या, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या सोमवारी कोणालाच माहीत नव्हतं.

बाबांच्या बँकेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण सोमवारी सकाळी त्यांच्या शाखेतही लोक आले. एक निवृत्त मास्तर होते, रोजचे ओळखीचे. त्यांनी ठेवीची पावती पुढे केली आणि म्हणाले, सगळी मोडा. "मी समजावून सांगू शकलो असतो," बाबा म्हणाले, "की मास्तर, ती बँक वेगळी, ही वेगळी, तुमचं व्याज बुडेल. पण त्यांचा हात थरथरत होता. म्हटलं, आत्ता समजावलं तर त्यांना वाटेल हा टाळतोय. टोकन दिलं, पावती मोडली, पैसे मोजून दिले. दोनदा मोजले, त्यांना दिसतील असे. मास्तर नोटा घेऊन बाकावर बसले थोडा वेळ. मग घरी गेले."

"मग?"

"पंधरा दिवसांनी परत घेऊन आले. त्याच नोटा असतील बहुतेक."

बस सुटली. बाबा पुढे म्हणाले, "त्याने मागितले आणि आपण दिले, तर ती बँक. तेवढ्यासाठी तो ताळा रोज जमवायचा. बाकी इमारत वगैरे काय, असते."

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर. पैसे कुठे ठेवतात? खराडीच्या त्या इमारतीत ते कुठेच ठेवलेले नाहीत. नुसत्या नोंदी आहेत, जमा आणि नावे, आणि त्या खऱ्या आहेत असा मास्तरांसारख्या माणसाचा विश्वास. आता तो बाकावर बसत नाही, मोबाइलवर गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून मात्र गेले, तर पाच दिवसांत परत जमा करा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये द्या, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केला. मी तो इंटरव्ह्यूसाठी पाठ केला होता. आता वाचताना मला त्यात थरथरणारा हात दिसतो.

आज शनिवार. एक्सेल शीट बंदच आहे. वहीची बारा पानं भरलीत: टोकन, खोडायचं नाही, नऊने भाग, तिसरी सही. 'बँकेतच का' च्या खाली अजून नीट काही लिहिलेलं नाही. मास्तरांची गोष्ट एचआरला इंग्रजीत सांगितली तर ती नाटकी वाटेल का, हा विचार चालू आहे. बाबा म्हणतात, नको सांगूस, ताळा कसा जमवशील ते सांग.

मंगळवारी काय झालं ते कळवेनच. नाही मिळाली नोकरी तर दुसरीकडे बघू, पाच तारीख काही थांबत नाही. पण इंटरव्ह्यूच्या तयारीत बाबांची बत्तीस वर्षांची नोकरी मला पहिल्यांदाच कळली, ही जमेची बाजू आत्ताच नोंदवून ठेवते.

आई हाक मारतेय. चहा झालाय.